यंदाच्या चटणीला लसूण परसातला

जाहीर आवाहन

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बंधू-भगिनींनो,

आपल्याकडे वर्षाची चटणी कांदा-लसणाशिवाय होत नाही. उन्हाळा लागला की मिरच्या वाळत पडतात, खोबरं-तीळ भाजले जातात आणि डंकावर नंबर लागतात. त्या चटणीला लसूण किलोंनी लागतो. आपल्यापैकी बहुतेक जण तो विकत आणतात, आणि त्यातला पुष्कळसा मध्य प्रदेश, राजस्थानातून आलेला असतो. 2024 मध्ये किरकोळ बाजारात लसूण किलोला 400 रुपयांच्या वर गेला, तेव्हा हातावर पोट असलेल्या घरांत फोडणीलासुद्धा हात आखडता घ्यावा लागला.

कृष्णाकाठच्या वांग्यांचं आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचं नाव लांबवर आहे. अशा मुलखात कोथिंबिरीच्या काडीसाठीही बाजाराची वाट धरावी लागते, हे बरं नाही. बागायती शिवार उसानं व्यापलं, तरी घरामागची चार हात जागा अजून आपल्या हातात आहे. तिथं यंदा लसणाचा एक वाफा करा, ही कळकळीची विनंती.

जागा फार लागत नाही. चार फूट बाय पाच फुटांच्या वाफ्यात ओळींमध्ये 15 सेंटिमीटर आणि पाकळ्यांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर सव्वाशेच्या आसपास पाकळ्या बसतात. एक गड्डा 20 ग्रॅमचा धरला तरी दोन किलोंच्या वर लसूण घरात येतो.

लागणीसाठी गड्ड्याच्या बाहेरच्या बाजूच्या टपोऱ्या पाकळ्या निवडा. मधल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकाला वापरा. पाकळीचं टोक वर ठेवून ती दोन-तीन सेंटिमीटर खोल लावा आणि लगेच हलकं पाणी द्या. बियाणं विकत घ्यायचं असेल, तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘फुले बसवंत’ किंवा राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा ‘भीमा पर्पल’ मागा. घरचा गावठी लसूण असेल, तर तोच लावा आणि मोडू देऊ नका.

नदीकाठच्या काळ्या रानात पाणी साचलं की गड्डा सडतो. तिथं कुजलेलं शेणखत मिसळून उंच गादीवाफा करा. माण, खटाव, जत, आटपाडीत पाणी मोजून वापरावं लागतं, तिथं ओळींमध्ये उसाचं पाचट किंवा वाळका पालापाचोळा अंथरा. ओल टिकते आणि तणही दबतं. पाटण, जावळीत पाऊस पुरता उघडल्याशिवाय लागण करू नका. साबणाचं मोरीचं पाणी अळू-केळीकडे वळवा, लसणाला देऊ नका.

पातीवर पांढुरके चट्टे दिसले, तर ते फुलकिड्यांचं काम असतं. 50 ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी गाळून फवारा. पात पिवळी पडून माना टाकू लागली की लसूण काढा. त्याआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडा. काढलेला लसूण पातीसकट जुड्या बांधून सावलीत टांगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेला हा लसूण नेमका चटणीच्या हंगामाला हाताशी येतो.

आमच्या विनंत्या अशा :

1. वाफ्याच्या कडेनं मेथी, कोथिंबीर, मुळा टाका. कुंपणावर घेवडा, दोडका, कारलं चढवा.

2. बचत गटांनी मिळून बियाणं आणावं आणि ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना उसनं द्यावं. काढणीला तेवढाच लसूण परत घ्यावा.

3. शाळांनी एक वाफा मुलांच्या हाती सोपवावा आणि निघालेली भाजी पोषण आहारात घालावी.

4. शहरातल्या मंडळींनी गच्चीत किंवा गॅलरीत तळाला भोकं पाडलेल्या क्रेटमध्ये लागण करावी. गड्डे लहान राहिले, तरी हिरवी पात महिनाभरात खुडता येते.

5. प्रत्येकानं सर्वांत चांगले दहा गड्डे पुढच्या लागणीसाठी बाजूला ठेवावेत. त्यांतले दोन शेजाऱ्याला द्यावेत.

अडचण आली, तर गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) किंवा बोरगाव, काळवडे, कांचनपूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारा.

लागणीला ऑक्टोबर-नोव्हेंबर हेच महिने. उशीर झाला, तर गड्डा पोसण्याआधीच ऊन तापतं आणि वर्ष वाया जातं. म्हणून दिवाळीची वाट पाहू नका. पाऊस उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून वाफा तयार करा.

आपल्या,
परसबाग राखणाऱ्या आपल्याच शेजारणी