गोव्याच्या वाटेवरची गावं

सुट्टी लागली की आमच्या वर्गात एकच चर्चा, गोव्याला कधी जायचं? बेळगावहून पहाटे निघायचं, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट मागं टाकत दुपारच्या आत समुद्र गाठायचा. मीही तीनदा गेले. "वाटेत काय बघितलंस गं?" आईनं विचारलं, तेव्हा मला फक्त कणकुंबीचा चहा आठवला. मलप्रभा नदीचा उगम त्याच गावात आहे, हे आईकडून कळलं. तिचं आजोळ खानापूर तालुक्यातलं. मला खरंच लाज वाटली.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझी एक कन्नड मैत्रीण बसनं खानापूर, नंदगड आणि हलशी करून आलो.

नंदगडला इंग्रजांनी १८३१ साली संगोळ्ळी रायण्णाला फाशी दिलं. समाधीजवळच्या वडाला लोक मूलबाळ व्हावं म्हणून लाकडी पाळणे बांधतात. मी लहानपणापासून रायण्णाचं नुसतं नाव ऐकलेलं. त्याची सगळी गोष्ट मैत्रिणीनं मला त्या झाडाखाली सांगितली. चहाच्या गाड्यावर मात्र बोलायची पाळी माझी होती, कारण तिथं सगळे मराठीत बोलत होते. पाळणा बांधणारी बाई मराठी की कन्नड, हे तिथं कुणी विचारत नव्हतं.

हलशी म्हणजे जुनी पलाशिका. पाचव्या शतकात मृगेशवर्मा या कदंब राजानं इथं जिनालय बांधल्याची नोंद ताम्रपटात आहे. पुढं बाराव्या शतकात गोव्याच्या कदंबांच्या काळात भूवराह नरसिंहाचं देऊळ झालं. आत दोन गाभारे, अगदी समोरासमोर. ज्या गोव्याकडे आम्ही धावत सुटतो, त्या गोव्याच्या राजांचं देऊळ आमच्या जिल्ह्यात आहे आणि मला ते विसाव्या वर्षी कळावं!

कुणी म्हणेल, तिथं हॉटेल नाही, करमणूक नाही. खरं आहे. परतीच्या बससाठी आम्हीही दोन तास ताटकळलो. पण त्या दोन तासांत शेजारी बसलेल्या आजींनी आमची चौकशी मराठीत केली आणि कंडक्टरशी तिकिटावरून कन्नडमध्ये हुज्जत घातली.

पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात, गाव कुणाचं, यावरची भांडणं ऐकतच आमची पिढी मोठी झाली. आम्हीही तावातावानं बोलतो. माझं म्हणणं एवढंच, की ज्या गावावर हक्क सांगायचा त्या गावात आधी एक दिवस काढावा. पायी फिरावं, तिथल्या माणसांशी बोलावं, आणि आपल्या पाण्याच्या बाटल्या आपल्याच पिशवीत परत आणाव्यात.

मराठी वाङ्मय मंडळाला माझी विनंती आहे, यंदाची सहल हलशीला काढूया, आणि कन्नड विभागाच्या मुलामुलींनाही बोलावूया. बस एक केली तर खर्चही कमी पडेल. गोवा काय, कुठं पळून जातंय की!