विश्लेषण : मण्यांची माळ ते मोबाइल ॲप... ‘सुरक्षित दिवस’ किती सुरक्षित?

पाळीची तारीख टाकली की ‘सुरक्षित दिवस’ दाखवणारी ॲप आज सहज मिळतात. त्यामागचे गणित मात्र शंभर वर्षे जुने आहे.

गणित कोणाचे?

एकोणिसाव्या शतकात अनेक डॉक्टर दोन पाळ्यांमधले दिवस सुरक्षित सांगत, म्हणजे नेमके उलटे. जपानचे डॉ. क्युसाकु ओगिनो यांनी १९२४ मध्ये आणि त्यानंतर ऑस्ट्रियाचे डॉ. हर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडते.

मग चूक कुठे होते?

हा हिशेब पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा आहे आणि ती तारीख आधी कळत नाही. बाळंतपण, आजारपण, ताण, वाढते वय यांमुळे ती पुढे-मागे होते. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते, पण शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

भारतात काय घडले?

१९५२ मध्ये भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर गांधीवादी होत्या. त्यांचा कल संयमाकडे होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीची लोदी कॉलनी आणि बेंगळूरुजवळचे रामनगर येथे हीच पद्धत आजमावली गेली. दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. मणी सरकवला की गर्भ राहत नाही, असा काहींचा समज झाल्याचे सांगितले जाते. प्रयोग फसला.

ॲपने काय बदलले?

‘नॅचरल सायकल्स’ हे ॲप शरीराचे तापमानही विचारात घेते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये त्याला गर्भनिरोधक म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी स्टॉकहोममधील एका रुग्णालयात गर्भपातासाठी आलेल्या ६६८ पैकी ३७ स्त्रिया हे ॲप वापरत असल्याचे समोर आले. हे प्रमाण जाहीर केलेल्या अपयशाच्या दरात बसते, असा निष्कर्ष स्वीडनच्या नियामकाने काढला. मात्र धोका अधिक स्पष्टपणे सांगण्यास बजावले.

लक्षात काय ठेवावे?

पाळी अनियमित असेल तर केवळ तारखांवर विसंबणे धोक्याचे. लैंगिक आजारांपासूनही ही पद्धत वाचवत नाही. शिवाय ॲप ‘आज नको’ एवढेच सांगते. ते जोडीदाराने ऐकले नाही, तर माळ काय आणि मोबाइल काय, दोन्ही निरुपयोगी.