पूर ओसरला, वाफसा कधी?

कृष्णा आणि पंचगंगेच्या महापुराची चर्चा दरवेळी फुटांमध्ये होते. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेले, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी कधी ओलांडली, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. पातळी उतरली की महामार्ग खुला होतो, बाजारपेठा धुऊन निघतात आणि महापूर संपला असे मानले जाते. नदीकाठच्या शेतात मात्र तो संपलेला नसतो. शिरोळ, हातकणंगले, मिरज, पलूस आणि वाळवा या तालुक्यांतील काळ्या जमिनीत वाफसा यायला कधी आठवडे लागतात, तर कधी संपूर्ण हंगाम हातचा जातो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन महापुरांनी या मातीचा स्वभाव उघड केला. धोरणाच्या पातळीवर त्याची दखल अजून पुरेशी घेतली गेलेली नाही.

मातीची घडण

सह्याद्रीचा बेसाल्ट झिजून तयार झालेली ही काळी माती. तिच्यातील चिकणमातीचे प्रमाण अनेक ठिकाणी निम्म्याहून अधिक असते आणि या चिकणमातीत माँटमोरिलोनाइट गटातील खनिजांचे प्राबल्य असते. या खनिजांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि पाणी गेले की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात या रानांना हात आत जाईल अशा भेगा पडतात. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून भराभर खाली उतरते. पण माती एकदा फुगली, भेगा मिटल्या, की पाणी मुरण्याचा वेग तासाला मिलिमीटरच्या घरात येतो. ओल धरून ठेवण्याचा जो गुण कोरडवाहू रब्बी ज्वारीला वरदान ठरतो, तोच गुण महापुरात शाप ठरतो.

त्यात भर पडते ती भूरचनेची. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सांगलीच्या आसपास जेमतेम सहाशे मिलिमीटरच्या घरात. घाटातून वेगाने उतरलेले हे पाणी कऱ्हाडला कोयना, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा यांना बरोबर घेत सपाट प्रदेशात येते आणि मंदावते. नदी पात्राबाहेर पडली की जड पोयटा काठाजवळच सोडते आणि अतिसूक्ष्म गाळ दूरवर नेऊन टाकते. त्यामुळे अगदी काठावरची मळी तुलनेने उंच आणि निचऱ्याची राहते, तर तिच्या मागची जमीन किंचित खोलगट आणि अधिक चिकण होते. पूर ओसरताना नदीकडे परतणारे पाणी नेमके तेथेच अडते.

साचलेल्या पाण्याखाली मातीत काय घडते, हे वरून दिसत नाही. एक-दोन दिवसांत तेथील प्राणवायू संपतो. मग सूक्ष्मजीव नायट्रेटवर गुजराण करतात. शेतकऱ्याने दिलेल्या नत्राचा मोठा भाग अशा रीतीने वायुरूपाने उडून जातो. त्यानंतर मॅंगनीज आणि लोह यांची पाळी येते. दीर्घकाळ पाणथळ राहिलेली माती निळसर करडी पडते आणि तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके उमटतात. मृदाशास्त्रज्ञ याच खुणांवरून निचऱ्याचा दोष ओळखतात. सोयाबीन आणि भाजीपाला अशा स्थितीत तग धरत नाहीत, हळदीला कंदकुज लागते. उसाच्या पोंग्यात गाळ गेला की शेंडा कुजतो. तरीही त्यातल्या त्यात पाणी सोसणारे पीक म्हणून शेतकरी पुन्हा उसाकडेच वळतो.

पाट आला, क्षार आले

दोष केवळ महापुराचा असता, तर जमीन पावसाळ्यानंतर सावरली असती. परंतु या पट्ट्यात उरलेले आठ महिने नदीवरच्या उपसा योजनांचे पाणी चालते. उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी लागते, आणि पाटाने देताना ते गरजेपेक्षा जास्तच दिले जाते. खाली न निचरणारे पाणी भूजलाची पातळी वर आणते. ती मुळांच्या टप्प्यात आली की उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार पृष्ठभागावर पांढरा थर धरतात. ही झाली खारवट जमीन. पुढे मातीच्या कणांना सोडियम चिकटला की कण विखुरतात, छिद्रे बुजतात, सामू साडेआठच्या वर जातो आणि जमीन चोपण होते. ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, अशी तिची अवस्था. म्हणजे आधीच कमी निचऱ्याची जमीन आता जवळपास निचराहीन होते आणि पुढच्या महापुराचे पाणी तिच्यावर आणखी काही दिवस मुक्काम ठोकते.

हे दुष्टचक्र नवे नाही. नीरा खोऱ्यात कालव्याचे पाणी खेळू लागल्यावर काही दशकांतच जमिनी खारावल्या. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातील हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये त्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. पाणी देण्याच्या व्यवस्थेबरोबर पाणी काढण्याची व्यवस्था हवी, हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे. पाणी देण्यासाठी पुढे धरणे, कालवे आणि सहकारी उपसा योजना उभ्या राहिल्या. काढण्याची व्यवस्था मागेच राहिली. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रातील क्षारग्रस्त क्षेत्र सुमारे सहा लाख हेक्टर असून त्यातील दोन तृतीयांशांहून अधिक चोपण आहे.

पंचनाम्यात न दिसणारे नुकसान

महापुरानंतरची मदत दिसणाऱ्या नुकसानीवर बेतलेली असते. पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल, तर ते ग्राह्य धरले जाते. शेतात तीन इंचांपेक्षा जाड गाळ साचला तर तो काढण्यासाठी मदत आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि सोलापूर भागात झालेल्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून तीन लाख रुपयांपर्यंतची कामे अशी तरतूद होती. ती आवश्यकच होती. पण जेथे माती वाहून गेलेली नाही, वर गाळाचा जाड थरही नाही आणि तरीही जमिनीने श्वास घेणे थांबवले आहे, ती पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. तिचे नुकसान पुढच्या दोन-तीन हंगामांत घटलेल्या उताऱ्याच्या रूपाने दिसते. तेव्हा पंचनामा करणारा तलाठीही आलेला नसतो आणि प्रसिद्धिमाध्यमेही.

राजकीय चर्चेचा सारा झोत अलमट्टीवर असतो. धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकच्या प्रयत्नांना सांगली-कोल्हापुरात होणारा विरोध समजण्यासारखा आहे. २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने मात्र त्या पुराचा थेट दोष अलमट्टीला दिला नाही आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे बोट दाखवले. हा निष्कर्ष अनेकांना मान्य नाही, वादही मिटलेला नाही. पण तो कसाही सुटला, तरी शेतातले पाणी ओढ्यापर्यंत आणि ओढ्यातले नदीपर्यंत जाण्याचा प्रश्न इथल्या इथेच सोडवावा लागणार आहे. शहरेही त्याला अपवाद नाहीत. सखल काळ्या मातीवर भराव टाकून, ओढे आणि ओत बुजवून उभ्या राहिलेल्या वसाहतींत साधा पाऊसही दिवसेंदिवस साचून राहतो. भिंतींना जाणाऱ्या तड्यांमागे अनेकदा हीच फुगणारी, आकसणारी माती असते.

निचरा एकट्याचा नसतो

उपाय माहीत आहेत. जमिनीखाली सव्वा मीटरच्या आसपास सच्छिद्र पाइप टाकून पाणी बाहेर काढणारी भूमिगत निचरा प्रणाली, चोपण जमिनीसाठी जिप्सम, चुनखडीयुक्त जमिनीत गंधक, ताग-धैंचाचे हिरवळीचे खत आणि उसाला ठिबक. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्र क्षारपड जमिनींवर काम करते. शिरोळच्या श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन क्षारपड जमिनी पुन्हा लागवडीखाली आणल्या आहेत.

तरीही हे काम सर्वत्र पसरत नाही. भारी मातीत पाइप जवळजवळ टाकावे लागत असल्याने खर्च वाढतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे एकाच्या शेतातून निघालेले पाणी दुसऱ्याच्या शेतातून जावे लागते. वरच्याने पाइप टाकले आणि खालच्याने चर बुजवला, तर सारा खर्च पाण्यात. उपसा योजनेसाठी ज्या भागाने सहकारी संस्था काढल्या, त्याने निचऱ्यासाठीही त्याच पायावर उभे राहायला हवे. मुख्य चर आणि ओढे ही सार्वजनिक कामे आहेत, त्यांचा खर्च शासनाने उचलायला हवा. पूरबाधित गावांत पिकांच्या पंचनाम्यानंतर वर्षभराने मातीची तपासणी व्हावी आणि तिच्या आधारे जमीन सुधारण्यासाठी मदत मिळावी, एवढा बदल निकषांत करणे अशक्य नाही.

ज्या कृष्णाकाठाच्या कसदार मातीचा महाराष्ट्राला अभिमान आहे, ती माती एका रात्रीत नापीक होत नाही, ती हंगामागून हंगाम कमी देऊ लागते. त्यामुळेच तिच्यासाठी मोर्चे निघत नाहीत आणि अधिवेशनात गदारोळही होत नाही. पुढचा महापूर कधी येईल हे कोणाच्या हाती नसले, तरी तो शेतात किती दिवस राहील हे ठरवणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.