अवतार येणार नाही, ग्रामसभा बसवा



‘दशावतार’ सिनेमा आमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाह्यला. १२ सप्टेंबर २०२५ ला तो आला, सुबोध खानोलकरांनी काढला. ऐंशी पार केलेले दिलीप प्रभावळकर त्यात बाबुली मेस्त्री झालेत, कोकणातला म्हातारा दशावतारी नट. जंगलावर खाणवाल्यांचा डोळा, पोराचा जीव जातो, आणि मंग हा बुढा एकेका अवताराचं सोंग घेऊन बदला घेतो.

काम जबर आहे, वादच नाही. दंडारीत रातभर नाचणारे, मंडईच्या नाटकात उभे राहणारे बुढे आम्ही लहानपणापासून पाहतो. तोंडाला रंग लागला की वाकलेला माणूस ताठ होतो. प्रभावळकरांनी ते नेमकं पकडलं.

आमचं भांडण नटाशी नाही. भांडण आहे टाळ्या वाजवून घरी जाऊन झोपणाऱ्यांशी, आणि त्यात आम्हीही आलो. सिनेमाला एक नायक लागतो, तिथं सारा भार एका बुढ्याच्या खांद्यावर टाकला तरी चालते. खऱ्या जंगलात ते चालत नाही.

ओडिशात नियमगिरीचा डोंगर डोंगरिया कोंध लोकांचा देव आहे, नियमराजाचं ठाणं. तिथं बॉक्साइटची खाण यायची होती. एप्रिल २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा बसल्या आणि बाराही ठिकाणी लोकांनी ‘नाही’ म्हटलं. खाण अडली. तिथं अवतार आला नाही, गाव एका जागी बसलं.

आता आपल्याकडं पाहा. तुमसरकडं मँगनीज, कोक्याला अभयारण्य, पवनीकडं गोसीखुर्दचं धरण. या जिल्ह्यात जमिनीला आणि जंगलाला मागणारे कधीच कमी नव्हते. आपण दावा टाकला की कचेरीतून एकच बोल ऐकू येतो : ‘कागद आणा.’

अरे, कायदा काय म्हणतो? २००६ च्या वनहक्क कायद्याचे २००८ चे नियम उघडा, १३ वा नियम वाचा. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब हा पुरावा आहे. जुनी विहीर, मसनवटी, देवाचं ठाणं, हेही पुरावे आहेत.

बाबुलीला सोंग घ्यावं लागलं. आपल्या बुढ्या-बुढीचं साधं बोलणं कायद्यात चालते, तरी ते आपण लिहून घेत नाही! एकेक म्हातारं माणूस जाते आणि त्याच्यासंगं गावाचा पुरावा मातीत जातो. हा दोष कचेरीचा नाही, आपला आहे.

म्हणून प्रत्येक गावच्या वनहक्क समितीनं पुढच्या ग्रामसभेआधी वही घेऊन घरोघरी जावं. कोणतं ठाणं कुठं, कोणाच्या बापानं कोणतं शेत काढलं, मोहफूल-तेंदूला कोण कुठं जात होतं, सारं लिहावं. सही नाही तं अंगठा घ्यावा. ग्रामसभेत मोठ्यानं वाचून ठराव करावा.

कोकणात गावाच्या रक्षण करणाऱ्या देवाला राखणदार म्हणतात. आपला राखणदार ग्रामसभा आहे. तिला जागं ठेवणं आपल्या हातात आहे.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!