बँकेचंच गेलं ना, मग आपलं काय?



दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा लातूरहून आमच्याकडे नांदेडला आला होता. तिकडे नीटची तयारी करतो. "आत्या, 'मनी हाईस्ट' बघ गं, भारी डोकं लावलंय," म्हणाला. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, संध्याकाळ मोठी मिळते. त्याने सुरू करून दिली, तो गेल्यावर जाऊबाईंनी आणि मी पाचही भाग संपवले. आणि शेवटी कपाळाला हात लावला!

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही स्पेनची मालिका २०१७ मध्ये तिथल्या टीव्हीवर आली आणि मग नेटफ्लिक्समुळे जगभर पोचली. लाल कपडे आणि मुखवटे घातलेली टोळी माद्रिदच्या टांकसाळीत शिरते, ६७ जणांना ओलीस धरते आणि आत बसून नोटा छापते. पुढे हीच टोळी स्पेनच्या मुख्य बँकेतलं सोनं काढते. सगळ्याचा सूत्रधार 'प्रोफेसर'.

तपास करणाऱ्या पोलीस बाई त्या प्रोफेसरच्याच प्रेमात पडतात, हे चालवून घेतलं. टोळीतली एक मुलगी गोळीबारातून मोटारसायकल दामटत परत टांकसाळीत घुसते, तेही चालवून घेतलं. पण शेवट? सोन्याच्या जागी मुलामा दिलेल्या पितळेच्या विटा सरकारच्या हवाली करतात. सरकारला ते कळतं, तरी बाजार सावरला म्हणून गप्प बसतं आणि चोर मोकळे! अहो, आमच्या सराफ्यात एक बारीक अंगठी मोडायला नेली तरी कसाला लावल्याशिवाय भाव बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, गोष्टच आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? मान्य. आपल्या जंबूस्वामींच्या कथेतला प्रभव चोरही पाचशे साथीदार घेऊन येतो. माणसांना झोपवायची आणि कुलपं उघडायची विद्या त्याच्याकडे असते. दिगंबर घरांत हीच कथा विद्युच्चर चोराच्या नावाने सांगतात. अशी विद्या कुठे असते का? तरीही लहानपणापासून ती कथा खोटी वाटली नाही, कारण जंबूकुमारांचं बोलणं ऐकून तो चोर बदलतो. आपण काय करायला आलो होतो, हे त्याला कळतं. या मालिकेत कोणाला काही कळतच नाही.

माझा खरा राग इथे आहे. चोरी होते आणि कोणाचंच काही जात नाही, हे त्यातलं सगळ्यात मोठं खोटं. नोटा नव्या छापल्या, कोणाच्या खिशातून काढल्या नाहीत, असं प्रोफेसर पटवून देतो. भाच्यालाही पटलं. फोनवर म्हणाला, "बँकेचंच गेलं ना आत्या, गरिबाचं कुठे?"

मग मी त्याला दोन खऱ्या गोष्टी सांगितल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला चोरांनी बँकेजवळचं दुकान भाड्याने घेतलं, तिथून भुयार खणलं आणि ३० लॉकर फोडले. ते लॉकर बँकेचे नव्हते, तुमच्या-माझ्यासारख्या घरांचे होते. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाटकात दावणगेरे जिल्ह्यात न्यामतीच्या बँकेतून १७ किलोहून जास्त सोनं गेलं. चोरांनी हीच मालिका पाहून बेत रचला, असं पोलिसांनी सांगितलं. ते सोनं लोकांनी कर्जासाठी गहाण ठेवलेले दागिने होते.

लॉकरचा नियमही ठाऊक असू द्या. १ जानेवारी २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की लॉकरमधला ऐवज चोरीला गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं २,००० असेल तर जास्तीत जास्त २ लाख. आईने दिलेल्या पाटल्या त्यात बसतात का, तुम्हीच हिशेब करा.

भाचा गप्प झाला. मग त्याला ठाऊक नसलेली गोष्टही सांगितली. त्याच्या क्लासची फी भरायला वहिनींनी आपल्या बांगड्या बँकेत गहाण ठेवल्या आहेत. वहिनींना विचारूनच इथे लिहिते आहे. आपल्या मराठवाड्यात पेरणीला, फीला, दवाखान्याला बाईचंच सोनं आधी बँकेत जातं. म्हणून 'बँकेचं' म्हणजे कोणाचं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. चोराला प्रोत्साहन देणं, चोरीचा माल घेणं, खऱ्यात खोटं मिसळून खपवणं, सगळे त्यात आहेत. पितळेच्या विटा तिथेच बसतात. आणि करणं, करवणं आणि अनुमोदन, तिन्ही सारखेच धरायचे असतात. सोफ्यावर बसून चोर निसटावा म्हणून जीव मुठीत धरून बसलो, ते अनुमोदन नाही तर काय? मीसुद्धा बसले होते, खोटं कशाला बोलू?

मालिका बंद करा, असं म्हणत नाही. मुलं बघणारच. पण शेजारी बसा आणि एकदा विचारा, "हे सोनं कोणाचं होतं रे?"

काही जास्त बोलले असेन तर मिच्छामि दुक्कडं.