‘फुल अँड फायनल’ म्हणजे काय हो?

अंबरनाथच्या एक भगिनी विचारतात, “यांची एमआयडीसीतली कंपनी बंद होते आहे. बावीस वर्षं कामगार म्हणून काढली. आता ‘फुल अँड फायनल’चा कागद सहीसाठी आलाय. हे म्हणतात, एकदा सही केली की संपलं. खरं का?”

ताई, हा शब्द आता आपल्या भाजीवालीच्याही तोंडी आहे. “फुल अँड फायनल, वीसला जुडी!” ती म्हणते आणि आपण पिशवी पुढे करतो. मराठीत आपण तुकडा पाडणं म्हणतो तेच. पण यात शब्द दोन आहेत. फुल म्हणजे पूर्ण, देणं होतं तेवढं सगळं. फायनल म्हणजे शेवटचं, पुढे मागणं नाही. कंपनीला घाई असते दुसऱ्याची. तुम्ही आधी पहिला तपासा.

तुमच्या गावाला हे नवं नाही. विमकोचा काडेपेट्यांचा कारखाना गेला, नाक्याला नाव तेवढं राहिलं.

तर हिशेबाचा तक्ता मागून घ्या. राहिलेला पगार, शिल्लक रजा, बोनस हे सगळे वेगवेगळे लिहिलेले हवेत. ग्रॅच्युइटी घरीच काढून बघा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा 20,800 रुपये. त्याला 26 ने भागा, 800 आले. पंधरा दिवसांचे 12,000. गुणिले बावीस वर्षं, म्हणजे 2,64,000 रुपये. याहून कमी आकडा असेल तर का, ते विचारायला लाजू नका. बंद पडणाऱ्या कंपनीतल्या कामगाराला नुकसानभरपाईही असते, आणि ती ग्रॅच्युइटीहून वेगळी. दोन्ही मिळून एकच रक्कम दाखवली असेल तर फोड करून मागा.

पीएफ आणि त्याची पेन्शन या कागदात येतच नाही. तो पैसा पीएफ कचेरीकडे असतो. दहा वर्षं भरलेली असतील तर पेन्शनचा हक्क धरून ठेवा, घाईने सगळं काढू नका.

आणि यांना सांगा, कायद्याने ठरलेली ग्रॅच्युइटी सही करून सोडता येत नाही. कमी मिळाली तर सहीनंतरही अर्ज करता येतो, मात्र तो लवकर करावा. तिकिटावर सही करण्याआधी रक्कम आकड्यात आणि अक्षरात भरलेली आहे ना, ते तुम्ही स्वतः वाचा. झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.