वाचकाला काम द्या

मराठी लेखकांच्या मैफलीत एक रडगाणं ठरलेलं असतं: वाचक उरला नाही. तरुणांना मोबाइल पुरतो, अवघड काही कुणाला नको. या तक्रारीला चोख उत्तर साहित्य संमेलनात मिळणार नाही. ते पॉप संगीताच्या चाहत्यांकडे आहे.

‘बीटीएस’ हा सात कोरियन तरुणांचा गट २०१३ साली आला. गाणी बहुतेक कोरियन; जगभरच्या चाहत्यांपैकी असंख्य जणांना ती भाषा येत नव्हती. मग चाहत्यांनीच भाषांतरं केली, शब्दांवर टिपा लिहिल्या. काही जण कोरियन शिकायला बसले. २०१६च्या ‘विंग्ज’ अल्बममागे हेरमान हेसेची ‘डेमियान’ होती, म्हणून पोरांनी १९१९ सालची ती कादंबरी शोधून वाचली. ‘स्प्रिंग डे’च्या व्हिडिओत ‘ओमेलास’ अशी पाटी दिसली आणि ती अर्सुला ले ग्विनच्या कथेपर्यंत पोचली. आणि आपण म्हणतो, अवघड काही कुणाला नको!

हे घडतं कसं? १९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी एकतर्फी जवळिकीचं वर्णन केलं: पडद्यावरचा माणूस प्रेक्षकाला आपला मित्र वाटतो, त्या माणसाला मात्र प्रेक्षक ठाऊकही नसतो. आपल्या लेखकांनी नेमका एवढाच धडा उचलला. रोज एक सेल्फी, मुखपृष्ठाचं अनावरण, ‘माझ्या वाचकमित्रांनो’ अशी साद. पण ही जवळीक म्हणजे नुसता उंबरठा. चाहता आत टिकतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींमुळे: हाताला काम आणि शेजारी सोबत.

टेलर स्विफ्ट २००६च्या पहिल्या अल्बमपासून पुस्तिकेत छापलेल्या गाण्यांत मधेच कॅपिटल अक्षरं पेरून संदेश लपवत असे. ते जुळवायला चाहत्याला गाणं शब्दन् शब्द वाचावं लागे. हे झालं काम. २०२३च्या तिच्या दौऱ्यात चाहत्यांनी मण्यांची कांकणं घरी ओवून आणली आणि अनोळखी शेजाऱ्यांशी बदलली. गायिका दूर मंचावर ठिपक्याएवढी. कांकण देणारी मुलगी मात्र हाताच्या अंतरावर. ही झाली सोबत. चाहत्यांचं प्रेम कलाकारावर असतं, पण वस्ती एकमेकांत असते.

आता आपला प्रकाशन समारंभ आठवा. मंचावर पाच पाहुणे, प्रत्येकाचं कौतुकाचं भाषण, आणि खाली बसलेल्या वाचकाला माइक नाही. पुस्तकात आधी प्रस्तावना, मग मनोगत, मागे मलपृष्ठावर सारांश. अर्थ आधीच चावून ठेवलेला. वाचकाने करायचं काय? टाळ्या वाजवायच्या आणि स्वाक्षरी घ्यायची.

याउलट जी. ए. कुलकर्णी. आयुष्याचा मोठा काळ धारवाडला, सभासमारंभांपासून दूर. पण वाचकाचं पत्र आलं तर उत्तर लांबलचक. त्यांच्या कथांतल्या प्रतीकांचा अर्थ लावण्यावरून वाचक आजही भांडतात. सेल्फीविना जमलेली ही चाहत्यांची फौजच आहे, कारण कथेने वाचकाला काम दिलं.

चाहतेगिरीला रोगही आहेत. टीका करणाऱ्यावर झुंडीने तुटून पडणं हा एक. पाकिटात कोणाचं फोटोकार्ड निघेल ते नशिबावर सोडून एकाच चाहत्याला एकाच अल्बमच्या अनेक प्रती घ्यायला लावणं हा दुसरा. गंमत अशी, की औषध सोडून यातला पहिला रोग आपण मन लावून आणला आहे. पुस्तकाचं जरा कडक परीक्षण आलं, की लेखकाचा गोतावळा धावून जातो. परिणामी परीक्षण म्हणजे अभिनंदनपत्र, आणि वाचकाचा त्यावरचा विश्वास शून्य.

पॉपकडून शिकायचंच असेल, तर नाचणं नको, अल्गोरिदमची आराधना नको. मनोगत गाळा. अर्थ सांगू नका. समारंभात भाषणं दोन ठेवा आणि माइक खाली द्या. तुमचं पुस्तक वाचलेली दोन अनोळखी माणसं तुमच्या पाठीमागे तावातावाने भांडत असतील, तर त्यांना भांडू द्या. मधे पडून खुलासा करायचा मोह आवरला, तर वाचक मिळेल.